उतारवयातले हेवीवेट आणि आजची पोरं : कोण कोणाला भारी?

जॅब_आधी

बॉक्सिंगच्या गप्पा निघाल्या की 'भरातला अली वि. भरातला टायसन' ही लढत लागतेच. ती लावून लावून चोथा झालाय. म्हणून हा धागा जरा वेगळ्या लढतींसाठी.

नियम एकच. जुना खेळाडू घ्यायचा तो उतारवयातला, आणि एका ठरावीक रात्रीचा. १९९४ चा ४५ वर्षांचा जॉर्ज फोरमन. १९९२ चा ४२ वर्षांचा लॅरी होम्स. २०१७ चा ४१ वर्षांचा व्लादिमिर क्लिच्को. २००३ चा ३७ वर्षांचा लेनक्स लुईस. समोर आजची पोरं : डॅनियल ड्युबुआ, मोझेस इटाउमा किंवा तुम्ही सुचवाल तो. बारा राउंड, आजचे नियम.

माझं म्हणणं आधीच मांडतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. हेवीवेटमध्ये वय आधी पाय खातं, मग नजर, मग मार खाऊन सावरायची ताकद. ठोशातली ताकद सगळ्यात शेवटी जाते. त्यामुळे अशा लढतीचा निकाल म्हाताऱ्यापेक्षा तरुणाच्या पायांवर जास्त ठरतो. पोरगा समोर उभा राहिला तर म्हातारा जिंकू शकतो. पोरगा फिरत राहिला तर नाही.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा म्हणजे ५ नोव्हेंबर १९९४, लास व्हेगास, फोरमन वि. मायकल मूरर. मूरर तेव्हाचा जगज्जेता, २६ वर्षांचा, डावखुरा, ३५ पैकी ३५ लढती जिंकलेला. फोरमनच्या अंगावर २० वर्षांपूर्वी झैरमध्ये मुहम्मद अलीकडून हरताना घातलेली तीच लाल शॉर्ट. आणि कोपऱ्यात प्रशिक्षक अँजेलो डंडी, जो त्या रात्री अलीच्या कोपऱ्यात होता. नऊ राउंड झाले तेव्हा तिन्ही जजेसच्या कार्डावर मूरर पुढे होता. फोरमनचा चेहरा सुजलेला.

ती लढत परत बघताना एक गोष्ट करा. मूररच्या हातांकडे बघूच नका, पायांकडे बघा. पहिल्या काही राउंडमध्ये तो आत येतो, मारतो आणि बाजूला होतो. पुढे पुढे तो मारून तिथेच थांबायला लागतो, फोरमनच्या उजव्या हाताच्या थेट रेषेत. फोरमन जड, संथ जॅब (पुढच्या हाताचे सरळ ठोसे) टाकत राहतो. त्यातले बरेचसे लागतही नाहीत, पण मूररचं डोकं ते एका जागी आणून ठेवतात. दहाव्या राउंडमध्ये डावा, लगेच उजवा, आणि तोच जोड पुन्हा. शेवटचा उजवा जेमतेम फूटभर अंतरातून आलाय. रेफरी जो कोर्टेझने दहा मोजले तेव्हा मूरर पाठीवरच होता, आणि फोरमन कोपऱ्यात गुडघे टेकून प्रार्थना करत होता.

हेवीवेटचा जगज्जेता, ४५ व्या वर्षी. त्याआधीचा विक्रम जर्सी जो वॉल्कॉटचा, १९५१ मध्ये ३७ व्या वर्षी.

माझे निकाल :
फोरमन (१९९४) वि. ड्युबुआ : फोरमन, आठव्या-नवव्या राउंडमध्ये नॉकआउट. ड्युबुआ सरळ रेषेत चालतो.
होम्स (१९९२) वि. ड्युबुआ : होम्स, पॉइंटवर. त्या जॅबला आजही उत्तर नाही.
फोरमन (१९९४) वि. इटाउमा : इथे मी अडतो. तुमचं मत हवंय.

---

कोपऱ्यातला

धागा उत्तम, पण सुरुवातच एकतर्फी. एका फोरमनमागे मार खाऊन संपलेले किती, तेही मांडा.

२ ऑक्टोबर १९८०, अली वि. होम्स. अली ३८ चा, दोन वर्षं रिंगबाहेर. वजन उतरवून आला तेव्हा लोक म्हणाले, बघा, जुना अली परत आला. प्रत्यक्षात ते वजन थायरॉइडच्या गोळ्यांनी उतरलं होतं आणि अंगात त्राण नव्हतं. समोर होम्स, जो एकेकाळी त्याचाच सरावातला जोडीदार. दहा राउंडमध्ये अलीला एकाही जजने एकही राउंड दिला नाही. होम्स मारता मारता रेफरीकडे बघत होता, हे थांबवा म्हणून. शेवटी डंडीने थांबवलं. लढत जिंकून होम्स रडला.

त्याच्या २९ वर्षं आधी जो लुईस वि. रॉकी मार्सियानो. लुईस ३७ चा, आयकराच्या कर्जापायी लढणारा. आठव्या राउंडमध्ये मार्सियानोने त्याला दोरांमधून रिंगच्या कडेवर पाडलं. लुईस हा मार्सियानोचा लहानपणापासूनचा आदर्श. तोही नंतर लुईसच्या खोलीत जाऊन रडला.

दोन्हीकडे जिंकणारा रडतोय. अशा लढती आपण मनात लावतो तेव्हा हे विसरू नये एवढंच.

बाकी तुमच्या 'ठोसा शेवटी जातो' या म्हणण्याशी सहमत. लुईसचा जॅब त्या रात्रीही चांगला होता. गेला होता तो उजवा. म्हणजे ताकद नव्हे, ती वेळेवर सोडायची नजर.

---

अस्थिबंध

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बॉक्सर फार हाताळले नाहीत, पण इतर खेळांतले चाळिशीचे खेळाडू रोज बघते. 'ठोसा शेवटी जातो' यामागे शरीराचं कारण आहे. वयाबरोबर वेगाने आकुंचन पावणारे स्नायुतंतू आधी कमी होतात. म्हणून पळण्याचा, दिशा बदलण्याचा, हात मागे घेण्याचा वेग जातो. जड माणसाच्या ठोशात मात्र वजनाचा आणि तंत्राचा वाटा मोठा असतो. पाय रोवून, कंबर फिरवून मारलेल्या ठोशाची धार वेगाच्या मानाने उशिरा बोथट होते.

दुसरं म्हणजे हेवीवेटला वरची वजनमर्यादा नाही. खालच्या गटातले खेळाडू आयुष्यभर उपाशी राहून, पाणी तोडून वजन करतात. त्याने शरीर लवकर झिजतं. हेवीवेटचा तो त्रास वाचतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कॅलेंडरचं वय आणि डोक्याने खाल्लेल्या माराचं वय वेगळं. फोरमन १९७७ मध्ये जिमी यंगकडून हरला आणि थेट १९८७ मध्ये परतला. दहा वर्षं त्याच्या डोक्याला ठोसा लागला नाही. अलीने ३२ ते ३८ या वयात फोरमन, फ्रेझर, नॉर्टन, शेव्हर्स असे सगळे अंगावर घेतले. म्हणून ३८ चा अली ४५ च्या फोरमनपेक्षा म्हातारा होता असं मी बिनदिक्कत म्हणेन. लढत लावताना वयाबरोबर आधीच्या पाच वर्षांतला मारही मोजा.

---

लाल_माती

कोल्हापूरकडचा असल्याने कुस्तीच्या अंगाने बघतो. तालमीत जुना पैलवान तरुणाशी खेळताना पहिली काही मिनिटं डाव टाकतच नाही. मानेवर हात ठेवून भार देतो. पोराची मान, खांदे, दम सगळं त्यात जातं. पोराला वाटतं आपणच खेळवतोय. लेनक्स लुईस आणि व्लादिमिर क्लिच्को क्लिंचमध्ये, म्हणजे मिठी मारून समोरच्याला धरताना, नेमकं हेच करायचे. समोरच्याच्या मानेवर रेलायचे आणि शंभर-सव्वाशे किलो त्याला वागवायला लावायचे.

मला १९९२ च्या होम्सबद्दल बोलायचंय, कारण त्याला नेहमी कमी लेखलं जातं. त्या वर्षी त्याच्यासमोर होता रे मर्सर : १९८८ चा ऑलिंपिक सुवर्णविजेता, व्यावसायिक लढतींत अपराजित, तडाखेबंद. होम्स ४२ चा. पाय गेलेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्याने पाय वापरलेच नाहीत. आपणहून कोपऱ्यात, दोरांना पाठ लावून उभा राहिला, मर्सरला आत बोलवलं आणि छोट्या उजव्याने आणि अपरकटने (खालून वर मारलेल्या ठोशाने) टिपत राहिला. मधूनच जॅब. मर्सरला रात्रभर कळलं नाही की हा माणूस अडकलाय की त्याने मलाच अडकवलंय.

तेव्हा 'पोरगा फिरत राहिला तर म्हातारा हरतो' हे अर्धंच. पोराला थांबायला लावणं हेही म्हाताऱ्याचंच काम. होम्स (१९९२) वि. अमेरिकेचा माजी जगज्जेता डिओंटे वाइल्डर लावा. वाइल्डर त्याच्या भरातला. मी होम्सवर पैज घेईन. वाइल्डरचा उजवा जगात भारी, पण तो सोडायला त्याला अंतर लागतं, आणि होम्स ते अंतर देणारा नव्हता.

---

जर्सीकर

लाल_माती, होम्सबद्दल लिहिलंत, बरं वाटलं. मी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीपासून दीड-दोन तासांवर राहतो. ते शहर म्हणजे म्हातारा-तरुण लढतींचा अड्डाच होतं.

त्याच होम्सला जानेवारी १९८८ मध्ये तिथेच २१ वर्षांच्या टायसनने चौथ्या राउंडमध्ये संपवलं. होम्स तेव्हा ३८ चा. म्हणजे मर्सरला हरवणाऱ्या होम्सपेक्षा चार वर्षांनी तरुण! मग तो हरला का? १९८६ च्या एप्रिलनंतर तो लढलाच नव्हता. शेवटच्या राउंडमध्ये अपरकट मारायला गेला तेव्हा हात दोरात अडकला, इतका अंदाज सुटलेला. मर्सरशी लढण्याआधी मात्र त्याने १९९१ मध्ये छोट्या छोट्या लढती करून गंज उतरवला होता.

फोरमननेही तेच केलं. १९८७ पासून २४ लढती ओळीने जिंकल्या. लोक हसायचे, कुणाकुणाला मारतोय म्हणून. पण त्या लढतींतूनच त्याला आपलं नवं शरीर समजलं. मग एप्रिल १९९१ मध्ये अटलांटिक सिटीत तेव्हाचा जगज्जेता होलीफिल्डसमोर ४२ व्या वर्षी पूर्ण बारा राउंड उभा राहिला. हरला पॉइंटवर. राउंडच्या मधल्या मिनिटात तो स्टुलावर बसायचाही नाही, उभाच राहायचा.

माझा मुद्दा : वयापेक्षा गंज वाईट. इटाउमासमोर १९९४ चा फोरमन हवा असेल तर लक्षात ठेवा, मूररआधी तोही जवळपास दीड वर्ष लढला नव्हता, आणि त्याआधीची लढत टॉमी मॉरिसनकडून हरला होता. मॉरिसनने काय केलं? मारलं आणि पळाला, बारा राउंड. तुमच्या मूळ मुद्द्याला हा फोरमनच्याच घरातला पुरावा.

---

रात्रपाळी

टायसन-पॉलबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आपल्याकडे १६ नोव्हेंबर २०२४ ची सकाळ होती. घरात सगळे टीव्हीसमोर, ज्यांना बॉक्सिंगमधलं काही कळत नाही तेही. ५८ वर्षांचा टायसन, आणि यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेला २७ वर्षांचा जेक पॉल. दोन-दोन मिनिटांचे आठ राउंड, १४ औंसांचे जाड ग्लोव्ह्ज. पहिल्या मिनिटात टायसन पुढे झेपावला तेव्हा सगळे उठून उभे राहिले. तिसऱ्या राउंडपासून घरात शांतता.

ठोशांची मोजणी बघा : पॉलचे ७८ लागले, टायसनचे १८. आठ राउंडमध्ये १८! आणि मला राग याचा येतो की ही अधिकृत लढत म्हणून नोंदली गेली. २०२० मध्ये टायसन रॉय जोन्सशी खेळला ती प्रदर्शनी लढत होती, ती तशीच सांगितली होती, ठीक. इथे मात्र टायसनच्या नावापुढे आणखी एक पराभव कायमचा लागला.

कल्पनेतल्या लढती म्हणूनच मला आवडतात. तिथे कुणाच्या मेंदूला इजा होत नाही. होलीफिल्डला ५८ व्या वर्षी व्हिटोर बेलफोर्टसमोर उभं केलं, पहिल्याच राउंडमध्ये थांबवावं लागलं. या लढतींना परवानगी देणाऱ्यांनी आधी अली-होम्सची चित्रफीत बघावी.

---

संथ_पाऊल

कल्पनेतल्या लढतींचा मूळपुरुष इथे यायलाच हवा. १९६९ मध्ये अली सैन्यभरती नाकारल्याने आलेल्या बंदीमुळे रिंगबाहेर होता. मायामीतल्या मरे वोरोनर या निर्मात्याने त्याला आणि मार्सियानोला एका स्टुडिओत उभं केलं. मार्सियानो ४५ चा, निवृत्त होऊन १३ वर्षं झालेली, वजन उतरवून आणि केसांचा टोप घालून आलेला. अली २७ चा. दोघांनी मिनिटामिनिटाचे कितीतरी राउंड चित्रित करून दिले, शेवटही वेगवेगळे. निकाल कॉम्प्युटर देणार म्हणून जाहिरात. जानेवारी १९७० मध्ये थिएटरांत दाखवलं : मार्सियानो, १३ व्या राउंडमध्ये नॉकआउट. युरोपातल्या प्रेक्षकांना दाखवलेल्या आवृत्तीत अली जिंकला!

मार्सियानोने निकाल पाहिलाच नाही. चित्रीकरणानंतर काही आठवड्यांतच, ३१ ऑगस्ट १९६९ ला, विमान अपघातात तो गेला.

कॉम्प्युटरचा निकाल बाजूला ठेवा. पण ते चित्रीकरण म्हणजे एका म्हाताऱ्या आणि एका तरुण जगज्जेत्याने एकमेकांसमोर खरोखर हात चालवल्याची नोंद आहे, आणि त्यात अंतर दिसतं. अली हळू खेळतोय तरीही मार्सियानोला त्याच्यापर्यंत पोचायला दोन पावलं जास्त लागतात. जॅब_आधींचा पायांचा मुद्दा तिथेही खरा ठरतो.

जाता जाता आपल्याकडचं. जानेवारी १९८० मध्ये अली दिल्लीत आला होता आणि कौर सिंग यांच्याशी चार राउंडची प्रदर्शनी लढत खेळला. पंजाबातले, सैन्यातले हेवीवेट, पुढे १९८२ च्या एशियाडचे सुवर्णविजेते. अली तेव्हा नुकताच ३८ चा झालेला. होम्ससमोर उभा राहायला आठेक महिने बाकी होते.

---

कोपऱ्यातला

एक विचारायचं राहिलं. युक्रेनचा हेवीवेट उसिक कुठल्या बाजूला धरणार? तरुणांत तर नक्की नाही. जानेवारी १९८७ चा जन्म. जुलै २०२५ मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर ड्युबुआला पाचव्या राउंडमध्ये दोनदा पाडून संपवलं तेव्हा ३८ चा होता. अलीचं होम्ससमोरचं वय. समोरचा २७ चा. आणि जिंकला तो कशावर? पायांवर! तुमच्या 'वय आधी पाय खातं' या सिद्धान्ताचं काय करायचं मग?

---

जॅब_आधी

कोपऱ्यातला, याच प्रश्नाची वाट बघत होतो. उसिक माझ्या म्हणण्याविरुद्ध जात नाही, उलट ते पुढे नेतो. बाकीच्या म्हाताऱ्यांना तरुणाने समोर थांबण्याची वाट बघावी लागते. उसिक स्वतःच फिरून त्याला थांबवतो. लाल_मातींनी होम्सबद्दल जे सांगितलं तेच, फक्त कोपऱ्यात उभं न राहता. उसिक डावखुरा आहे. त्याचं पुढचं पाऊल सतत समोरच्याच्या पुढच्या पावलाच्या बाहेर पडतं. समोरच्याला प्रत्येक वेळी आधी वळावं लागतं, मग मारावं लागतं. ड्युबुआसारखा जड माणूस असं चार राउंड वळला की पाचव्यात पाय आपोआप रुततात.

आणि अस्थिबंध यांनी सांगितलेला हिशोबही लागू होतो. उसिकने हौशी गटात शेकड्याने लढती केल्या, पण डोक्यावर मोजून मार घेतला. वरच्या वजनात आला तो तिशी ओलांडून. शरीर ३८ चं, डोकं त्याहून कमी वयाचं.

याच्या उलट व्लादिमिर. एप्रिल २०१७, वेम्बली, ९० हजार लोक, समोर २७ चा ब्रिटिश जोशुआ. पाचव्यात स्वतः पडला, सहाव्यात उजव्याने जोशुआला पाडलं. जोशुआ डगमगत उठला. तिथे पस्तिशीतला व्लादिमिर लढत संपवून मोकळा झाला असता. ४१ चा व्लादिमिर थांबला, जॅब टाकत राहिला, जोशुआला चार राउंड सावरू दिलं. अकराव्यात दोनदा पडला आणि संपलं. पाय शाबूत, ठोसा शाबूत. नव्हता तो सगळं एकदम खर्चून टाकायचा भरवसा, कारण खर्च झालेला दम परत येईल का हे त्या वयात सांगता येत नाही. माझ्या यादीत हे नव्हतं, आता घालतो : पाय, नजर, सावरणं, आणि त्याच्याही आधी हा भरवसा.

म्हणून व्लादिमिर (२०१७) वि. ड्युबुआ मी ड्युबुआला देतो, नवव्या-दहाव्यात. ड्युबुआने सप्टेंबर २०२४ मध्ये जोशुआला पाचव्यात झोपवलं तेव्हा दाखवलं की समोरचा डगमगला की तो थांबत नाही.

---

लाल_माती

इटाउमाचं राहिलंच की.

---

जॅब_आधी

हो. डिसेंबर २००४ चा जन्म. म्हणजे फोरमनने मूररला पाडलं तेव्हा हा पोरगा जन्मायलाही दहा वर्षं होती. डिलियन व्हाइट ३७ चा, सगळं पाहिलेला, त्याला ऑगस्ट २०२५ मध्ये दोन मिनिटांच्या आत संपवलं. डावखुरा आहे, हात भयंकर वेगवान, आणि मारून झाल्यावर जागा सोडतो. मूररने जे अर्ध्या लढतीनंतर सोडून दिलं ते हा सवयीने करतो.

पण पहिल्या दोन मिनिटांत फोरमन पडणार नाही. होलीफिल्डने बारा राउंडमध्ये पाडला नाही, मूररने पाडला नाही. मग सहावा, सातवा, आठवा राउंड येणार, आणि तिथे विशीतल्या पोराला प्रथमच दिसणार की आपण सगळं मारून झालं तरी हा उभाच आहे. तो काय करेल? मॉरिसनसारखा पळत राहिला तर इटाउमा पॉइंटवर. चिडून संपवायला आत आला तर ९४ सालचं पुन्हा.

---

अस्थिबंध

पळेल. विसाव्या वर्षी बारा राउंड पळणं पायांना जड नसतं, आणि त्याचा कोपरा त्याला आत जाऊ देणार नाही. इटाउमा, पॉइंटवर, मोठ्या फरकाने.

---

जर्सीकर

विसाव्या वर्षी कोपऱ्याचं ऐकतं कोण? मूररच्या कोपऱ्यात टेडी अ‍ॅटलस होता, तरी तो समोर उभा राहिलाच. फोरमन, नववा राउंड, उजवा.